आजीचा बंब, दोन घागरी आणि सहा इंचांची चकती

एका ताईंनी विचारलं आहे: कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आजोळचं घर उतरवताना माळ्यावर तांब्याचा बंब, दोन घागरी, एक घंगाळ आणि पूजेची ताम्हनं सापडली. भाऊ म्हणतो, मोडीत घालू. त्यांना ती ठेवायची आहेत, हळूहळू संग्रह वाढवायचा आहे आणि जमलं तर एखादं भांडं स्वतःच्या हाताने घडवायचं आहे. चिंच-मीठ लावून एक घागर घासली, तर आठ दिवसांत तिच्यावर हिरवे ठिपके उठले. तेव्हापासून बाकीच्यांना हात लावायची भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

ताई, भीती वाटली ते बरंच झालं. तूर्त घासणं थांबवा. तांब्याच्या कामात माझी पस्तीस वर्षं गेली, त्यातली पहिली दहा वडिलांच्या हाताखाली, महाद्वार रोडच्या मागच्या बोळात. दुरुस्तीला आलेलं भांडं वडील आधी पालथं घालायचे. गिऱ्हाईक पोचा दाखवत असायचं आणि ते बूड बघत बसायचे. भांडं कुणी, कसं, कशासाठी केलं आणि किती वापरलं, हे सगळं भांड्यावरच लिहिलेलं असतं. घासण्याआधी ते वाचून घ्यायला हवं, कारण घासताना पहिल्यांदा तेच जातं.

सकाळच्या तिरक्या उन्हात एकेक भांडं मांडीवर घेऊन बसा. काठाखाली, गळ्याजवळ, दोन कड्यांच्या मधल्या जागेत बोट फिरवा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं लागतील. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, कधी गाव, कधी तारीख. साल शकात असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८६० म्हणजे इसवी सन १९३८. (जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची तारीख असेल तर ७९.) वजन शेरात कोरलेलं दिसलं तर भांडं बहुधा दशमान पद्धत येण्याआधीचं, म्हणजे १९६० च्या अलीकडचं नव्हे. अक्षरं पुसट असतील तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, कागदावर नाव उमटतं. तो कागद जपून ठेवा.

हे इतकं का सांगतो, तर विशीत माझ्या हातून एक नाव गेलं. एका आजोबांनी कळशी आणून दिली, नातीच्या लग्नात द्यायची आहे, चकचकीत करा म्हणाले. मी ती थेट बफच्या, म्हणजे पॉलिशच्या चाकावर धरली. काठाखाली पुसटसं काही होतं, ते दोन मिनिटांत सपाट झालं. ते त्यांच्या आईचं नाव होतं. आजोबांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला, पैसे मोजले आणि कळशी घेऊन गेले. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून जुन्या भांड्याला मी चाक लावत नाही आणि कुणाला लावूही देत नाही. बफ वरचा मळ काढतो तसा तांब्याचा थरही काढतो. तुमच्या ओळखीचं कुणी ‘नव्यासारखं करून देतो’ म्हणालं, तर नको म्हणा.

नावानंतर जोड शोधा. जुनी घागर एका पत्र्यातून येत नसे. बूड वेगळं, पोट वेगळं, गळा वेगळा. दोन्ही काठांना दात पाडायचे, ते एकमेकांत बसवायचे, ठोकायचे, मग टाकणखार (बोरॅक्स) लावून पितळेच्या चुऱ्याने झाळायचे, म्हणजे पितळ वितळवून सांधायचे. पितळ तांब्याच्या आधी वितळतं म्हणून हे जमतं. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, झाळकामाचं पितळ त्याच्या बरंच खाली पाण्यासारखं होतं. अशा घागरीच्या आत हात घातला की पोटाभोवती दातेरी, किंचित पिवळसर रेघ दिसते. तुमच्या दोन घागरींपैकी जिच्यात ही रेघ असेल ती थोरली समजा. दुसरी कदाचित चाकावर ओढलेली असेल: फिरत्या साच्यावर पत्रा दाबून केलेली. तिच्या अंगावर एकसारखी बारीक वर्तुळं असतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी. तीही ठेवा. कोणती आजीच्या लग्नातली आणि कोणती नंतर बाजारातून आणलेली, एवढं त्यावरून कळेल.

हाताने मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून काढलेल्या भांड्यावर हातोडीचे ठसे बुडाच्या मध्यापासून फेर धरत काठाकडे जातात. ते जवळजवळ सारखे असतात, पण पूर्ण सारखे कधीच नसतात. कुठे हात थकलेला, कुठे ठोका अर्धा पडलेला. हल्ली यंत्राने ठसे पाडलेली भांडी भरपूर मिळतात. त्यांवर तोच ठसा, तेवढ्याच अंतरावर, शेवटपर्यंत. मठार म्हणजे नक्षी, असा समज त्यातूनच पसरला. खरं तर प्रत्येक ठोक्याने तांबं कडक होतं. पातळ पत्र्याची घागर पाण्याच्या वजनाने पोचत नाही ती या ठोक्यांमुळे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम अजून कानांवर पडतं; त्या बाजूला गेलात तर अर्धा तास उभं राहून बघा.

आता तुमचे हिरवे ठिपके. चिंचेने काही बिघडलं नाही, बिघडलं ते मिठाने. आंबट पदार्थ वरचा काळा थर विरघळवतो आणि मीठ त्याला जोर देतं, म्हणून घागर क्षणात गुलाबी निघते. पण मिठातलं क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत, जोडाच्या फटीत, कडीच्या रिबिटीखाली राहून जातं. वर आपल्या कोल्हापूरचा जून-जुलै! हवेतला ओलावा मिळाला की ते आतून तांबं खायला लागतं. टूथपिकने ठिपका खरवडून बघा. फिकट हिरवी भुकटी सुटली तर ते हे दुखणं. गर्द हिरवा, कठीण, अंगाशी एकजीव झालेला थर असेल तर त्याला हात लावू नका. तो हवेतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने वर्षानुवर्षं धरलेला रंग आहे, आणि त्याच्याखालचं तांबं सुरक्षित असतं.

भुकटी असेल तर ती मऊ ब्रशने झाडा. घागर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने भरा आणि रोज पाणी बदलत आठवडाभर ठेवा. मग कडक उन्हात पूर्ण वाळवा. जोडाच्या फटी वाळायला अंगापेक्षा जास्त वेळ लागतो, तिथे घाई करू नका. महिनाभर लक्ष ठेवा. पुन्हा भुकटी आली तर पुन्हा तेच. रोजच्या वापरातलं ताम्हन, पळी, पंचपात्र तुम्ही खुशाल चिंचेने किंवा पितांबरीने घासा, फक्त मीठ वगळा आणि भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसा. पितळेच्या वस्तू मात्र आंबट पाण्यात भिजत ठेवू नका. वरचं जस्त निघून जातं आणि पिवळ्या अंगावर तांबूस चट्टे पडतात, ते परत जात नाहीत.

रंगाचं म्हणाल, तर एकदा टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. सातवाहनांच्या काळात इथल्या माणसांचा रोमशी व्यापार होता, याचा पुरावा म्हणून त्या टेकडीतून आलेल्या कांस्यवस्तू तिथे आहेत. त्यात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. दोन हजार वर्षांच्या धातूचा रंग कसा बसलेला असतो, ते डोळ्यांत साठवून घ्या. त्यानंतर बाजारात कुणी गंधकाच्या पाण्याने काळवंडलेली वस्तू ‘अँटिक’ म्हणून पुढे केली की तुमचं तुम्हालाच कळेल. खोटा काळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरा हात लागतो तिथे उजळ असतो आणि कोपऱ्यात दाट. खऱ्या वापरातली झीज बुडाच्या कडेला, कडीच्या आतल्या बाजूला आणि ओतायच्या काठावर असते. जिथे हात लागायचं कारणच नाही तिथे झिजवलेली वस्तू मी घेत नाही.

बंबाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चालू स्थितीतला बंब आता क्वचित सापडतो. मधोमध धुराडं, त्याच्याभोवती पाणी, खाली जाळी, वरून गार पाणी ओतायची जागा, बाजूला पितळी नळ. ज्वाळेला सगळ्या बाजूंनी पाणी मिळतं, म्हणून चार लाकडांत घरादाराची आंघोळ व्हायची. तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलच्या वीसपट सहज वाहून नेतं, हे त्यामागचं गुपित. पेटवून बघायचा मोह होईल. त्याआधी तो पाण्याने भरून एक रात्र कागदावर ठेवा आणि सकाळी कागद बघा. गळत असेल तर बहुतेक वेळा नळाच्या बुडाशी किंवा धुराड्याच्या जोडाशी. तिथे डाग, म्हणजे धातूचा सांधा, कथील-शिशाचा असतो आणि तो दोनशे अंशांच्या आतच सुटतो. पाणी नसताना जाळ केला की एका मिनिटात बंब निकामी होतो. आधी पाणी, मग जाळ. विझवताना आधी जाळ बाहेर, मग पाणी. आमच्या घरी हा नियम आंघोळीला जाणाऱ्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होता.

शिशाचा डाग असलेल्या बंबातलं पाणी आंघोळीलाच वापरा, पिऊ नका. घागरीतलं पाणी पिण्याला हरकत नाही. रात्री भरा, दुसऱ्या दिवशी संपवा, आतून घासून पुन्हा भरा. पिण्याच्या पाण्यात तांब्याची कमाल मर्यादा आपल्या भारतीय मानकात लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. साध्या पाण्याला, एका रात्रीत, ती अडचण सहसा येत नाही. ताक, लिंबू, सोलकढी, आमटी यांचं मात्र वेगळं. ते कल्हई नसलेल्या तांब्यात कळकतं आणि कळकलेलं पोटात गेलं की मळमळ, उलटी ठरलेली. पूजेचं पंचामृत कालवायचं तर चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत कालवा.

तांब्यात स्वयंपाक करायचा असेल तर कल्हई हवीच. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात चांदीसारखा थर फिरवायचा. बघायला पाच मिनिटांचं काम, हात बसायला वर्ष लागतं. कथील २३२ अंशांवर वितळतं, त्यामुळे कल्हईचं पातेलं रिकामं चुलीवर ठेवू नका. कांडी स्वतः बघून घ्या. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की कुरकुर आवाज येतो. शिसं मिसळलं असेल तर ती मुकाट वाकते आणि कागदावर ओढली की पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. एका व्यापाऱ्याने मला वर्षभर मिसळलेलं कथील दिलं आणि मी विश्वासाने घेत राहिलो. कळल्यावर आठवतील तेवढ्या घरी जाऊन भांडी परत मागवली आणि कल्हई उतरवून पुन्हा केली. पोराबाळांच्या पोटात जाणारी गोष्ट आहे ही, तिथे विश्वासावर चालत नाही.

संग्रह वाढवायचा म्हणता, तर वर्षभर काहीही विकत घेऊ नका असं मी सुचवेन. नुसतं बघा. लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, मोडवाल्यांचे गाळे, ओळखीतले जुने वाडे उतरतात तेव्हाचे ढीग. मोडवाल्याशी गोड बोलून ठेवा. त्याच्याकडे भांडं किलोवर येतं आणि किलोवरच चेपून पुढे जातं. अडीचशे घरांच्या घागरी एका टेम्पोत मी बघितल्या आहेत. तुम्ही त्या दिवशीचा मोडीचा भाव आणि वर चार पैसे दिलेत तर तो चेपायच्या आधी फोन करतो. माझ्याकडच्या सगळ्यांत चांगल्या तीन वस्तू अशाच आल्या. त्यात एक गंगाजमनी गडवा आहे, अर्धा तांब्याचा, अर्धा पितळेचा, आणि त्याचा जोड आजही नखाला लागत नाही.

घेताना लोहचुंबक खिशात ठेवा. तांबं आणि पितळ दोन्हींना तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. ॲल्युमिनियमवर मुलामा असेल तर हातातच कळतं, ते तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकं. शंका राहिली तर बुडाला कानशीचा एक हलका ओरखडा, मालकाला विचारून.

शिवराईचं खूळ या वाटेवर प्रत्येकाला लागतं, तुम्हालाही लागेल. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेलं तांब्याचं नाणं हातात घेतलं की अंगावर काटा येतो, आणि त्याच काट्याचा धंदा करणारे बरेच आहेत. नाण्यांचं ज्ञान हा वेगळा अभ्यास आहे. तो करेपर्यंत नाणं घेऊ नका आणि घरातलं असेल तर घासू नका. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाही. ताम्रपट कुणी विकायला आणला, तर सरळ पुराभिलेख किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आपल्या भागात शिलाहार राजांनी दानाच्या नोंदी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दिल्या, तो इतिहासाचा कागद आहे, दिवाणखान्यात टांगायची वस्तू नव्हे. जमिनीत सापडलेलं गुप्तधन १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती १९७२ च्या कायद्याखाली नोंदवावी लागते, आणि तेवढी जुनी कलावस्तू परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येत नाही. घरच्या घागरी-घंगाळांना या नोंदणीची काळजी नाही.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर लावू नका. रबरातल्या गंधकाने काळी वळं पडतात. जुनं धुतलेलं सुती लुगडं उत्तम. वापरात नसलेल्या भांड्याला कोमट करून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या, पावसाळा सुखात जातो.

आता घडवण्याचं. ताई, दहा भांडी विकत घेऊन जे कळत नाही ते एक वाटी ठोकून कळतं, म्हणून हे काम संग्रहाच्या आधी किंवा बरोबरीने करा. २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा घ्या आणि सहा इंचांची चकती कापून घ्या. ती १४५ ग्रॅमच्या आसपास भरते. काठ कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर तिथूनच चीर सुरू होते. कंपासने बोटबोट अंतरावर वर्तुळं आखा. बाभळीच्या ओंडक्यात तळहाताएवढा खळगा कोरा. गोल तोंडाची हातोडी. बस, एवढंच सामान.

बाहेरच्या वर्तुळावरून सुरू करा आणि फेऱ्याफेऱ्याने आत या. चकती खळग्यावर तिरकी धरायची, हातोडी एकाच जागी पडू द्यायची आणि फिरवायची ती चकती. नवशिका हातोडी फिरवतो, म्हणून त्याचे ठोके भरकटतात. पहिल्या फेऱ्यात काठाला चुण्या पडतील. घाबरू नका, पण त्या दुमडू देऊ नका. लाकडी मोगरीने लगेच बसवा. दुमडलेली चुणी म्हणजे उद्याची चीर.

आवाज ऐकत राहा. नरम तांबं ठप ठप बोलतं. ठोके खात खात ते कडक होतं आणि आवाज टणटणीत होतो. तो टणत्कार आला की थांबा आणि ताव द्या. गॅसच्या बर्नरवर, अंधाऱ्या कोपऱ्यात, मंद लाल रंग येईपर्यंत. उजेडात हा रंग दिसत नाही आणि माणूस जास्त तापवून बसतो. मग चिमट्याने उचलून थेट पाण्यात. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं नरमच राहतं आणि वरचा काळा पापुद्रा पाण्यात झडतो. पितळेला असं करू नका, ते तडकू शकतं. त्याला आपोआप गार होऊ द्या. उरलेला काळेपणा चिंचेच्या उकळत्या पाण्यात जातो. इथेही मीठ नको. अशा चार-पाच तावांत वाटी खोल होते.

शेवटी मठार. यासाठी हातोडीचं तोंड आणि खालचा लोखंडी आधार आरशासारखे हवेत, कारण त्यांच्यावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर छापला जातो. बुडापासून सुरू करा, प्रत्येक ठोका आधीच्या अर्ध्यावर. आधाराला टेकलेल्या जागी ठोका भरीव वाजतो, न टेकलेल्या जागी पोकळ. डोळ्यांपेक्षा कानावर जा. आणि कानांत बोळे घाला, अगदी पहिल्या दिवसापासून. माझ्या वडिलांना साठीनंतर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण पाच घरं पलीकडच्या हातोडीचा ठोका चुकला तर जमिनीच्या हादऱ्यावरून ते सांगायचे. त्यांच्या पिढीत बहुतेकांचं असंच झालं. ते टाळता येतं, तर टाळायचं.

काम संध्याकाळी, मोकळ्या अंगणात करा, ओला गोणपाट हाताशी ठेवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आवाज फार होतो. आणि पत्रा घ्यायला जाल तेव्हा चकत्या दोन कापून घ्या. पहिली काठाला फाटते.